इथिओपिया: तिथं आत्ता किती वाजले असतील?

माळावरचा

मागे कुणीतरी एका धाग्यावर इथिओपियाला "तो दुष्काळवाला देश" म्हटलं होतं. त्यावर सविस्तर लिहीन म्हणालो आणि नेहमीप्रमाणे टाळलं. आज पाऊस आहे, लाइट आहे, बायको माहेरी आहे. लिहून टाकतो.

मी अदिस अबाबात अडीच वर्षं काढली. कापड गिरणीत मशिनांच्या देखभालीचं काम होतं. पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. अम्हारिक आकडे नुकतेच पाठ केले होते आणि ते कुणावर तरी चालवून बघायची खुमखुमी होती. ड्रायव्हरला ऐटीत सांगितलं, "नेगे, सिमिन्त सआत." उद्या, आठ वाजता. त्यानं गपकन श्वास आत ओढला, दचकल्यावर ओढतो तसा. मला वाटलं याला दमा आहे. दुसऱ्या दिवशी आठला गाडी नाही, नऊला नाही, साहेबांचे तीन फोन. दुपारी दोनला हे महाशय हसतमुखानं हजर, वर पाच मिनिटं आधी आल्याचं कौतुक.

दोन्ही कोडी नंतर सुटली. श्वास आत ओढणं म्हणजे "हो". आपण "हं" म्हणतो तसं, फक्त उलट्या दिशेनं. आणि तिथलं घड्याळ सूर्य उगवला की सुरू होतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. दुपारचे बारा म्हणजे सहा. संध्याकाळी पुन्हा शून्यापासून रात्रीचे तास. देश विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे उगवती-मावळती वर्षभर सहाच्या आसपासच, हिशेब बिघडत नाही. विचित्र वाटेल, पण आपल्याकडेही पंचांगातली घटिका-पळं सूर्योदयापासूनच मोजतात की. मध्यरात्री, सगळं गाव झोपलेलं असताना नवा दिवस सुरू करणं हे जास्त विचित्र आहे असं माझं आता मत झालंय.

कॅलेंडरची तीच कथा. वर्षाचे महिने तेरा. बारा महिने बरोब्बर तीस-तीस दिवसांचे आणि उरलेले पाच दिवस (लीप वर्षात सहा) हा तेरावा महिना, पागुमे. गिरणीतले लोक म्हणायचे, या महिन्यात भूक लागते पण पगार नसतो. नवीन वर्ष आपल्या ११ सप्टेंबरला, म्हणजे पावसाळा सरल्यावर, माळावर पिवळी फुलं येतात तेव्हा. येशूच्या जन्माचा हिशेब त्यांच्या धर्मपीठानं वेगळा धरल्यामुळे सन आपल्या इसवी सनाच्या सात-आठ वर्षं मागे. २००० साल त्यांनी सप्टेंबर २००७ मध्ये धूमधडाक्यात साजरं केलं. तिथे उतरलात की फुकटात सात वर्षांनी तरुण.

आता ताट. इंजेरा म्हणजे तेफ नावाच्या धान्याची आंबवलेली, एका बाजूनंच भाजलेली, जाळीदार, भल्या थोरल्या परातीएवढी आंबोळी. तेफचा दाणा आपल्या राजगिऱ्यापेक्षाही बारीक. पीठ दोन-तीन दिवस आंबवतात. या आंबोळीवरच भाज्या-आमट्या वाढतात, म्हणजे ताटही तेच आणि पोळीही तीच. "शिरो" हा शब्द ऐकून मी पहिल्यांदा गोडाच्या आशेनं मागवला आणि समोर आलं लालभडक, रटरटणारं पिठलं! हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण आणि बेरबेरे नावाचा त्यांचा मसाला. बेरबेरेला आपल्या कांदा-लसूण मसाल्याचा मावसभाऊ म्हणा. त्या दिवशी हॉटेलात एकटाच बसून मी डोळे पुसले. मसाल्यामुळे पुसले असं तेव्हा सांगितलं होतं.

शाकाहाऱ्यांसाठी एक गुरुकिल्ली. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, शिवाय ईस्टरच्या आधी ५५ दिवस सलग, शिवाय आणखी बरेच. साध्या माणसाचेही वर्षाकाठी १८० च्या आसपास उपास होतात, धर्मगुरूंचे अडीचशेपर्यंत. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, तूप सगळं बंद. म्हणून हॉटेलात "त्सोम" एवढा एकच शब्द उच्चारायचा. मसूर, कोबी, बटाटा, पालेभाज्या, शिरो असं सगळं इंजेरावर रंगपंचमीसारखं मांडून येतं. त्यांचे उपास बघितल्यावर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट आणि दही घेऊन आपण जे काही करतो त्याला उपास म्हणायची मला लाज वाटायला लागली. अर्थात खातो.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर हा धागा. एकदा बाजारात एका बाईकडे काळी, बारीक, चमकदार बी दिसली. ओळखीची वाटली. चिमूटभर तोंडात टाकली. कारळे! आपले चटणीचे कारळे, नगर-नाशकाकडची खुरासणी. ती म्हणाली "नूग". तेलासाठी वापरतात, उपासाच्या दिवसांत तर फारच. हे पीक मूळचं तिथल्या डोंगराळ भागातलं. शास्त्रीय नावातच ॲबिसिनिया, म्हणजे इथिओपियाचं जुनं नाव, आहे. आजी पाट्यावर वाटायची ती चटणी कुठून कुठे आली होती!

खवट शेंगदाणा

धागा छान, पण इंजेराचं कौतुक आवरा. मी ट्रान्झिटमध्ये एक दिवस अडकलो होतो तेव्हा खाल्लाय. आंबट स्पंज. वर शेजारच्या टेबलावरचे लोक कच्चं मांस खात होते.

माळावरचा

शेंगदाणेराव, आंबटपणाची सवय तिसऱ्या दिवशी लागते, पंधराव्या दिवशी व्यसन. कच्चं मांस म्हणजे कितफो. बारीक खिमा, मसाल्याचं तूप आणि तिखट. पाहुण्याला दिलं जाणारं मानाचं पान आहे ते. मी हात जोडले, पण आपण शेजारी बसून नाक मुरडायचं नाही हे शिकलो.

तुम्हाला गुर्शा कुणी भरवला नसेल. इंजेराचा मोठ्ठा घास करून यजमान आपल्या हातानं समोरच्याच्या तोंडात भरवतो. नकार चालत नाही. एकच घास भरवला तर भांडण होतं म्हणतात, म्हणून दुसरा येतोच. आपल्याकडे हे लाड लग्नात उखाण्यापुरते होतात, तिथे गिरणीतला फोरमनसुद्धा भरवतो.

आडवाटेची

लालिबेलाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून मी. तीन वर्षांपूर्वी जायचं ठरवलं होतं, तेव्हा उत्तरेत युद्ध असल्यामुळे रद्द झालं. नंतर गेले.

अकरा चर्च, सगळी खडकात कोरलेली, साधारण बाराव्या-तेराव्या शतकातली. बेत गियोर्गिस हे त्यातलं सगळ्यात देखणं. जमिनीवर उभं राहिलं तर काहीच दिसत नाही. दहा पावलं पुढे गेलं की पायाखाली एक प्रचंड खड्डा आणि खड्ड्यात एकसंध दगडाचा क्रूस, तीन-चार मजली. कळसापासून सुरुवात करून पायाकडे कोरत गेलेले. मी त्या कडेवर उभी राहून एवढंच म्हणाले, "अरेच्चा, कैलास!" गाइडला काही कळेना. मग मोबाइलवर वेरूळचा फोटो दाखवला, वरच्या डोंगरावरून काढलेला. त्यानं तो आणखी चौघांना नेऊन दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न होता, तुमच्याकडे आत अजून पूजा होते का? मी म्हटलं, नाही, तिकीट लागतं. त्यांना वाईट वाटलं. लालिबेलात पहाटे पांढऱ्या शाली पांघरलेली माणसं भिंतीला कपाळ टेकवून उभी असतात. ते स्मारक नाही, चालतं देऊळ आहे.

दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे असं कृपया कुणी लिहू नका. चारेकशे वर्षांचा आणि एका समुद्राचा फरक आहे. पण वरून खाली कोरताना एकदा चुकलेला छिन्नीचा घाव परत भरता येत नाही, ही धास्ती दोन्हीकडच्या पाथरवटांनी सारखीच अनुभवली असणार.

बखरबहाद्दर

आडवाटेची, संबंध नाही हे मान्य. पण एक योगायोग सांगतो. वेरूळच्या लेण्यांपासून अगदी थोड्या अंतरावर, खुलताबादला, एका इथिओपियन माणसाची कबर आहे. मलिक अंबर.

जन्म साधारण १५४८ चा, नाव चापू. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, अरबस्तान-बगदाद करत हात बदलत दख्खनेत आला. निजामशाहीच्या चंगीझखान नावाच्या वजिरानं त्याला विकत घेतलं, आणि तो वजीर स्वतःही हबशीच. पुढे हाच अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६१० मध्ये खडकी हे गाव राजधानीचं केलं, म्हणजे नंतरचं औरंगाबाद. शहराला जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. जमीन मोजून, प्रत पाहून सारा ठरवायची त्याची पद्धत पुढेही वाखाणली गेली. मोगलांना डोंगराळ मुलखात दमवून मारायचं तंत्र त्यानं असं राबवलं की जहांगीरला तो कधीच हाती लागला नाही. शेवटी बादशहानं एक चित्र काढून घेतलं. भाल्यावर अंबरचं मुंडकं आणि जहांगीर त्यावर बाण मारतोय. चित्रात का होईना! १६२४ च्या भातवडीच्या लढाईत अंबरच्या बाजूनं शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी होते. शरीफजी तिथेच पडले. अंबर १६२६ मध्ये वारला, शेवटपर्यंत मोगलांच्या हाती न लागता.

निळी छत्री

बखरबहाद्दर, माहिती उत्तम, पण एक टोचलं. आपण मलिक अंबरची गोष्ट नेहमी "गुलाम ते वजीर" अशी सुखान्त सांगतो. त्याच बाजारात विकली गेलेली बाकीची पोरं कुठे गेली ते कुणी लिहीत नाही. आणि "हबशी" हा शब्द. माझ्या लहानपणी काळ्या पोराला चिडवायला वापरायचे. तिथे तर लोक स्वतःला अभिमानानं "हबेशा" म्हणवतात ना?

माळावरचा

हो, आणि छातीवर हात ठेवून. निदान उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले लोक. शब्द एकच, अरबीतून आपल्याकडे आला. जंजिऱ्याचे सिद्दी १९४८ पर्यंत राज्य करत होते, तरी शब्द शिवीतच राहिला. गिरणीतल्या एकाला मी ही चिडवण्याची गोष्ट सांगितली नाही. धीर झाला नाही.

उलटा किस्सा: गल्लीतली पोरं मला बघून ओरडायची, "फेरेंज! फेरेंज!" म्हणजे फिरंगी. आमच्या सात पिढ्यांत कुणाला फिरंगी म्हटलं नसेल!

पाटीवरची पेन्सिल

माझे वडील १९६८ ते १९७५ तिथे गणित शिकवत होते. सम्राट हेले सेलासींच्या काळात भारतातून खूप शिक्षक गेले, केरळचे सगळ्यात जास्त. बाबांना जिम्मा नावाच्या गावी नेमणूक होती, कॉफीच्या मुलखात. आजही तिथली साठीच्या पुढची माणसं भारतीय भेटला की आधी आपल्या गणिताच्या मास्तरांचं नाव सांगतात, असं तिथे जाऊन आलेले सांगतात.

मी तिथे पाच वर्षांची झाले आणि अम्हारिक मुळाक्षरं देवनागरीच्या आधी गिरवली. त्याला "फिदेल" म्हणतात. मजा अशी की ती बाराखडीच आहे, फक्त सातच घरांची. ३३ अक्षरं आणि प्रत्येकाची सात रूपं: ह, हू, ही, हा, हे, मग जवळजवळ पाय मोडलेला ह्, आणि हो. कुठे शेपूट, कुठे कडी, कुठे एक पाय आखूड. लिहायचं डावीकडून उजवीकडे. अरबी-हिब्रूच्या कुळातली भाषा, तरी वाक्यात क्रियापद आपल्यासारखं शेवटी. आईला म्हणे कधी अडचण आली नाही, ती मराठी वाक्यात अम्हारिक शब्द बसवायची आणि लोकांना कळायचं.

नावांचंही सांगते. आडनाव हा प्रकारच नाही. स्वतःचं नाव, पुढे वडिलांचं, कागदोपत्री लागलं तर आजोबांचं. म्हणून पंतप्रधान अबी अहमद यांना तिथे कुणी "अहमद साहेब" म्हणत नाही, ते वडिलांचं नाव झालं. "डॉक्टर अबी" म्हणतात. लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. बाबांना हजेरीत गंमत वाटायची, कारण आपली मधली नावं तेवढी उचलून नेल्यासारखा पट दिसायचा.

१९७४ ला राजा गेला, लष्कराचं "देर्ग" राज्य आलं. बाबांच्या वर्गातली मोठी मुलं आधी मोर्चात गेली. आम्ही परतलो. नंतर १९७७-७८ मध्ये "लाल दहशत" झाली, हजारो तरुण मारले गेले. बाबांकडे वर्गाचा एक फोटो होता. त्यातल्या चेहऱ्यांबद्दल विचारलं की ते विषय बदलायचे.

तिरका डोळा

"आफ्रिकेतला कधीच गुलाम न झालेला देश" हे वाक्य अजून कसं आलं नाही? इटलीनं १९३६ ते १९४१ ताबा घेतला होताच की.

बखरबहाद्दर

तिरकेबुवा, ताबा होता, पण तिथले लोक त्याला पारतंत्र्य म्हणत नाहीत. पाच वर्षं लढाई चालू होती असं म्हणतात. मात्र त्या पाच वर्षांत काय झालं तेही सांगायला हवं: विषारी वायूचे बॉम्ब, आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये इटालियन व्हाइसरॉयवर हल्ला झाल्याच्या सुडात अदिसमध्ये हजारो लोकांची कत्तल.

पहिला इटालियन प्रयत्न मात्र सपशेल आपटला होता, आणि तो एका क्रियापदावरून. १८८९ च्या वुचाले तहाचं सतरावं कलम. अम्हारिक प्रतीत होतं की परदेशांशी व्यवहार करताना सम्राट इटलीची मदत घेऊ शकतो. इटालियन प्रतीत होतं की घेतलीच पाहिजे. म्हणजे देशच मांडलिक. सम्राट मेनेलिकला हे कळल्यावर त्यानं तह फेटाळला आणि १ मार्च १८९६ ला अडव्याला इटालियन फौजेचा धुव्वा उडवला. राणी तायतू स्वतः मोहिमेवर होती. त्याआधी मेकेलेच्या वेढ्यात किल्ल्याचं पाणी तोडायची युक्ती तिचीच. अदिस अबाबा म्हणजे "नवं फूल" हे नावही तिनंच ठेवलेलं. भाषांतरकारांनी हा प्रसंग देव्हाऱ्यात ठेवावा.

अवांतर: १९४१ मध्ये इटालियनांना हुसकावताना केरेनची जी भीषण लढाई झाली तिच्यात आपल्या मराठा पलटणीही होत्या. केरेन आता एरिट्रियात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या युद्धसन्मानांत ते नाव आहे.

खवट शेंगदाणा

इटालियन गेले पण कॉफीचं यंत्र ठेवून गेले. अदिसच्या विमानतळावरची माकियातो हा माझ्या त्या वाया गेलेल्या दिवसातला एकमेव सुखद क्षण. वेटर जाताना "चाओ" म्हणाला.

माळावरचा

शेंगदाणेराव माणसात येतायत! पण यंत्राची कॉफी ही धंद्याची. घरची वेगळी. जमिनीवर ओलं गवत पसरतात, कोळशावर धूप, हिरव्या बिया समोर भाजतात, तो धूर पाहुण्यांच्या नाकापर्यंत फिरवतात. मग कुटून, जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळवतात. सोबत लाह्या. तीन फेऱ्या: आबोल, तोना, बेरेका. तिसरी म्हणजे बरकत, ती टाळून उठलात तर यजमानीण बोलत नाही, पण लक्षात ठेवते. या सगळ्याला दीड-दोन तास. कॉफी हे देशाचं सगळ्यात मोठं निर्यातीचं पीक, तरी पिकते त्यातली जवळपास निम्मी हे लोक स्वतःच पितात. मला तो गुण फार आवडतो. चांगला हापूस बाहेर पाठवून आपण कुठला खातो ते आठवा.

धावता धोटा

धावण्यावर कुणीच नाही? मुंबई मॅरेथॉनला पहाटे उभा असतो म्हणून सांगतो, पुढून हवेसारखे जातात ते बरेचसे यांचेच. २०२३ ला हायले लेमीनं २ तास ७ मिनिटं ३२ सेकंदांत स्पर्धेचा विक्रम केला.

पण गोष्ट सांगायची तर अबेबे बिकिलाची. १९६० चं रोम ऑलिम्पिक. बूट बोचत होते म्हणून पठ्ठ्या अनवाणी धावला आणि जिंकला. आता नीट वाचा. इटालियनांनी १९३७ मध्ये इथिओपियातल्या अक्सुमहून एक प्राचीन दगडी स्तंभ उचलून रोममध्ये आणून उभा केला होता. मॅरेथॉनचा मार्ग त्याच्याजवळून जायचा, आणि बिकिलानं शेवटची मुसंडी तिथेच मारली. सम्राटाच्या अंगरक्षक दलातला शिपाई, रोमच्या रस्त्यावर, अनवाणी! १९६४ ला टोकियोत अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आतच पुन्हा सुवर्ण. स्तंभ शेवटी २००५ मध्ये परत गेला, २००८ मध्ये पुन्हा उभा राहिला.

हेले गेब्रसेलासीचा डावा हात धावताना जरा वाकडा असायचा. लहानपणी रोज दहा किलोमीटर शाळेत पळत जायचा, त्या हातात पुस्तकं असायची.

कोरडवाहू

मी बीड जिल्ह्यातला. धाग्याच्या सुरुवातीला "दुष्काळवाला देश" आलंय म्हणून त्यावरच लिहितो, कारण ते वाक्य पुसून टाकून भागत नाही.

आमच्याकडे १९७२ चा दुष्काळ पडला. त्याच सुमारास इथिओपियाच्या वोल्लो प्रांतातही पडला. आमच्याकडे माणसं हालअपेष्टांत जगली, खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण भुकेनं हजारोंनी मेली नाहीत. वोल्लोत मेली. फरक पावसाचा नव्हता. अमर्त्य सेन यांनी वोल्लोचा अभ्यास करून दाखवलं की देशातलं एकूण धान्य फारसं घटलेलंच नव्हतं. वोल्लोतल्या शेतकऱ्याच्या हातात पैसा उरला नव्हता, त्यामुळे बाजारात भावही फार चढले नाहीत, आणि काही धान्य तर तिथून उलट बाहेर गेलं. सरकार दुष्काळ लपवत होतं. राजाच्या गादीला धक्का बसायला ते एक मोठं कारण झालं.

१९८४ चा, ज्याचे फोटो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेत, तो पुन्हा वेगळा. पाऊस नव्हता हे खरं, पण त्याच भागात यादवी चालू होती आणि लष्करी सरकारनं तो भाग पिचवायला कमी केलं नाही. फोटोत हाडं दिसतात, सरकार दिसत नाही.

आमच्याकडे पाझर तलाव, नाला बांध, रस्ते यांवर माणशी रोज मिळाला, त्यातून रोजगार हमी आली, १९७७ मध्ये कायदा झाला. इथिओपियानं २००५ पासून तशाच धर्तीवर मोठी योजना चालवली, लाखो कुटुंबांना बांधबंदिस्तीच्या कामावर धान्य किंवा पैसे. माझी आई बहात्तरच्या कामावर होती. कुणी "दुष्काळवाला जिल्हा" म्हटलं की तिला जे वाटतं तेच त्या लोकांना वाटत असणार.

आडवाटेची

कोरडवाहू, या प्रतिसादासाठी धागा वर आणला पाहिजे.

माळावरचा

कोरडवाहू दादा, मी हे लिहायला हवं होतं. पिठल्यात अडकलो.

निळी छत्री

मला बायकांबद्दल विचारायचंय. भिशीसारखं काही असतं का? आफ्रिकेत सगळीकडे असतं म्हणतात.

पाटीवरची पेन्सिल

असतं, "इकुब". डिट्टो भिशी: दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम, चिठ्ठी निघेल त्याला गठ्ठा. फक्त तिथे पुरुष दुकानदारही जोरात लावतात. दुसरं "इदिर". ती मर्तिकाची मंडळी. दर महिन्याला वर्गणी, आणि घरात कुणी गेलं की तंबू, भांडी, स्वयंपाक, रडायला माणसं, सगळं इदिरचं. आई म्हणायची, इकुब नसला तर माणूस गरीब, इदिर नसला तर माणूस एकटा.

तिरका डोळा

सगळं गोड गोड चाललंय. उत्तरेतल्या टिग्रे प्रांतातलं युद्ध एका ओळीत उरकलंत. नोव्हेंबर २०२० ते नोव्हेंबर २०२२. २०१९ ला शांततेचं नोबेल मिळालेल्या पंतप्रधानाच्या राजवटीत. आणि नाईलवरचं धरण?

माळावरचा

गोड नाही. माझा ड्रायव्हर टिग्रेचा. त्या दोन वर्षांत फोन-इंटरनेट बंद होतं, त्याला गावाकडच्या आईचा आवाज दीडेक वर्ष ऐकता आला नाही. अदिसमध्ये तो आपली भाषा रस्त्यावर बोलणं टाळायचा. याहून जास्त मी लिहीत नाही, माझ्या वाट्याला तेवढंच दिसलं.

धरणाचं मात्र वेगळं. २०११ ला काम सुरू, सप्टेंबर २०२५ ला उद्घाटन, क्षमता ५,१५० मेगावॉट. परदेशी कर्ज मिळेना, तर लोकांनी रोखे घेतले. गिरणीतल्या झाडूवालीकडेही रोखा होता, तिनं तो मला पर्समधून काढून दाखवला. नाईलचं सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरांतून जातं, आणि तिथल्या खेड्यांत दिवे नाहीत, हे तिचं म्हणणं. इजिप्तला धास्ती वाटते तीही खोटी नाही, त्यांचा सगळा देश त्याच एका पाण्यावर. कृष्णा-कावेरीचे तंटे पाहिलेल्या माणसानं यात न्यायाधीश होऊ नये.

आडवाटेची

जाता जाता: अदिसच्या संग्रहालयात "लूसी" आहे, म्हणजे माणसाच्या पूर्वजाचा सांगाडा, १९७४ मध्ये हदारला सापडलेली, ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिथे तिचं नाव "दिन्किनेश". म्हणजे "तू अद्भुत आहेस".

दोन शिट्ट्या

वाचनमात्र होते, आता विचारतेच. पुढच्या महिन्यात कामानिमित्त चार दिवस अदिसला जातेय. विमान रात्री दोनला उतरतं. गेस्ट हाउसवाल्याला गाडी पाठवायला सांगायचंय, त्याला इंग्रजी बेताचं. वेळ काय सांगू? आणि नेऊ काय?

माळावरचा

कारळ्याची चटणी न्या. चव घेतल्यावर तो काय म्हणतो ते इथे येऊन लिहा.

वेळ: आपले रात्रीचे दोन म्हणजे त्यांचे रात्रीचे आठ. "लेलीत सिमिन्त सआत" म्हणा. "लेलीत" म्हणजे रात्र, तो शब्द विसरू नका. मी नुसतंच "सिमिन्त" म्हणालो होतो.

फोनवर पलीकडून कुणी श्वास ओढल्यासारखा आवाज आला, तर गाडी येणार.